हटराइट लोकांत वाटणी होत नाही का?

रावेरचा_केळीवाला: आमच्याकडे चार भाऊ म्हणजे चार बांध. गेल्या वर्षी विहिरीच्या पाण्याचीही पाळी लावली, सोमवार माझा. अन् हे हटराइट, म्हणजे अमेरिका-कॅनडात वसाहती करून राहणारा ख्रिस्ती पंथ, म्हणे मधले काही खंड सोडले तर 500 वर्षांपासून सामाईक शेती करतात. कसं जमतं? नवी वसाहत कशी होते?

तापीकाठ: भाऊ, वाटणी होते, पण बांध घालून नाही. वसाहत साधारण 120-150 माणसांवर गेली की दुसरीकडे जमीन घेतात अन् निम्मी माणसं तिकडे. कितीतरी ठिकाणी दोन्ही गट सामान बांधून बसतात, कोण जाणार ते चिठ्ठी ठरवते. आपल्याकडे चिठ्ठी टाकली तर पहिली भांडणं चिठ्ठीवरूनच!

सुरुवात 1528 ला, मोरावियात (आजचा चेक प्रजासत्ताक). हाकललेल्या लोकांनी जमिनीवर झगा पसरला अन् ज्याच्याजवळ जे होतं ते त्यावर टाकलं. ज्याच्यावरून पंथाला नाव पडलं त्या याकोब हुटरला 1536 मध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुकला जाळलं. मग ट्रान्सिल्व्हेनिया, युक्रेन, अन् 1874 ला अमेरिकेत मिसुरी नदीकाठी बॉन होम ही वसाहत.

रावेरचा_केळीवाला: मग कॅनडात कसे गेले?

तापीकाठ: 1918. सैन्यात जायला नकार दिला म्हणून चौघांना अल्काट्राझ बेटावरच्या तुरुंगात डांबलं. त्यातले दोघे सख्खे भाऊ पुढे लेव्हनवर्थच्या तुरुंगात वारले. एकाच्या प्रेताला तोच लष्करी गणवेश चढवला, जो त्याने जिवंतपणी घातला नाही. मग बहुतेक वसाहती कॅनडात. तिथेही अल्बर्टात त्यांच्या जमीनखरेदीवर निर्बंध होते, 1973 पर्यंत.

मेहरूणकर: जेवणही एकाच पंगतीत, बाया एकीकडे, माणसं एकीकडे. स्वयंपाकाच्या पाळ्या लागतात.

रावेरचा_केळीवाला: पाळ्या आमच्याकडेही आहेत. फक्त चुली चार.