मदत हवी आहे: थेंब बंद केले की मुलाच्या डोळ्यांची खाज परत सुरू होते

सोनचाफा_अकोला
मुलगा नऊ वर्षांचा. डोळे लाल, खाज एवढी की मुठीने चोळत बसतो. डॉक्टरांचे थेंब घातले की निवळतं, बंद केले की पुन्हा तेच. सोमवारी गणिताचा पेपर आहे आणि डॉक्टर बाहेरगावी. थेंब चालू ठेवू की नको, एवढंच सांगा. लवकर.

रानपाखरू
ताई, थेंबांचं नाव?

दुपारचा_चहा
नंबर तपासलात का? माझी भाची अशीच डोळे चोळायची, शेवटी चष्मा लागला.

कोकणचा_वारा
गाईचं तूप काजळासारखं लावा. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच.

सोनचाफा_अकोला
चष्म्याचं विचारलेलं नाही हो. बाटली पांढरी, औषध दुधासारखं, हलवून घालायचं.

मेडिकल_काउंटर
दुधाळ आणि हलवून घालायचं म्हणजे बहुधा स्टिरॉइड. लेबलवर प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही आहे का? आणि किती दिवस चालू आहे?

सोनचाफा_अकोला
फ्लुओरोमेथोलोन ०.१ टक्का. मागच्या उन्हाळ्यात लिहून दिलं होतं. तेव्हापासून लागेल तसं. दुकानदार जुनी चिठ्ठी बघून देतो.

मेडिकल_काउंटर
मागच्या उन्हाळ्यापासून! ताई, त्यानंतर डोळ्यांचं प्रेशर, म्हणजे डोळ्याच्या आतला दाब, तपासलाय का?

निवृत्त_मास्तर
उगाच घाबरवू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी याहून कडक स्टिरॉइड महिनाभर घातलं. काहीही झालं नाही.

लिंबोणी
मास्तर, तुमचे थेंब डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करून बंद केले असणार. इथे वर्षभर तपासणी नाही. माझ्या मुलालाही हीच उन्हाळी ॲलर्जी. पापणी उलटली की आत खडे दिसायचे. असेच थेंब चालू होते. खाज नाही, दुखणं नाही, पाटीवरचं सगळं वाचायचा, आणि प्रेशर निघालं ३४. साधारण १० ते २१ असायला हवं. ते वाढलेलं मुलाला कळत नाही, पण आत नस दबत राहते आणि गेलेली नजर परत मिळत नाही. म्हणून पोटतिडकीने लिहितेय.

निवृत्त_मास्तर
फ्लुओरोमेथोलोन सौम्य असतं ना पण?

मेडिकल_काउंटर
सौम्य आहे, म्हणजे प्रेशर वाढण्याची शक्यता कमी. शून्य नाही, आणि लहान मुलांत तर लवकर वाढू शकतं. स्टिरॉइड फार दिवस चाललं तर मुलालाही मोतीबिंदू होऊ शकतो.

रानपाखरू
२०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा आमच्या गल्लीत एकच बाटली घरोघरी फिरली. तेही थेंब स्टिरॉइडचेच होते म्हणे.

मेडिकल_काउंटर
बाटली वाटून घ्यायचीच नाही. शिवाय प्रत्येक लाल डोळा ॲलर्जीचा नसतो. बुबुळावर नागिणीच्या जातीच्या विषाणूची जखम असेल, किंवा शेतात काडी लागून बुरशी धरली असेल, तर स्टिरॉइडने ती चिघळते.

कोकणचा_वारा
म्हणूनच तूप म्हणतोय. त्यात रसायन नाही.

लिंबोणी
दादा, तूप निर्जंतुक नसतं. त्या लाल डोळ्यात नको.

सोनचाफा_अकोला
मग आज रात्री घालू की नको?

मेडिकल_काउंटर
न तपासता हो किंवा नाही सांगणार नाही. एकदम तोडलं तर सूज उसळू शकते, चालू ठेवणंही धोक्याचं. दवाखान्यात फोन करा, बदली डॉक्टर असतील. दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका असेल तर आजच इमर्जन्सीत न्या.

लिंबोणी
तोवर थंड पाण्याच्या घड्या ठेवा, चोळू देऊ नका. आमच्या डॉक्टरांनी रोजच्यासाठी ओलोपॅटाडिन हे ॲलर्जीचे थेंब दिले, तेवढ्याने भागेना तेव्हा टॅक्रोलिमसचं मलम. दोन्ही स्टिरॉइड नाहीत. स्टिरॉइड आता फक्त उसळलं तर, ठरावीक दिवस आणि प्रेशर बघून. याबद्दल नक्की विचारा.

सोनचाफा_अकोला
दुखणं नाही, ठिपका नाही. दुसरीकडे उद्या सकाळची वेळ मिळाली. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील का? पेपर आहे हो.

मेडिकल_काउंटर
नस आणि भिंग नीट बघायला बहुधा घालतील. जवळचं वाचायला दिवसभर जड जातं, मुलांत कधी दुसऱ्या दिवशीही. उद्या शनिवार, म्हणजे मध्ये रविवार आहे. पेपरची तारीख आधीच सांगा, आणि घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन जा.

दुपारचा_चहा
तिथेच नंबरही बघून घ्या.