‘स्टीपलहाउस’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न : सतराव्या शतकातील इंग्लंडमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांवरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘स्टीपलहाउस’ हा शब्द वारंवार येतो. तिथे ‘शिखरघर’ म्हणावे, की सरळ ‘चर्च’?

प्रतिसाद : ‘चर्च’ मुळीच नको, कारण तोच शब्द टाळण्यासाठी क्वेकर पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे अनुयायी चर्चच्या इमारतीला ‘स्टीपलहाउस’ म्हणत. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चवरचा उंच मनोरा. चर्च म्हणजे श्रद्धावंतांचा जिवंत समुदाय, दगडचुन्याची इमारत नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. सुदैवाने मराठी बायबलमध्ये या समुदायाला ‘मंडळी’ असा सुंदर शब्द रूढ आहे. त्यामुळे फॉक्स यांनी केलेला भेद आपल्या वाचकाला चटकन कळतो. ‘शिखरघर’ मात्र मला पटत नाही. देवळाचे शिखर दुरून दिसले तरी आपले हात जोडले जातात, आणि फॉक्स यांना तर त्या वास्तूचे पावित्र्यच नाकारायचे होते. ‘मनोरेघर’ करून पाहा. कानाला ते ओबडधोबड लागेल, पण मूळ शब्दही तसाच आहे.

प्रश्न : आभारी आहे. याच लेखात क्वेकरांवर उपासनेत ‘डिस्टर्बन्स’ केल्याचा आरोप आहे. त्याला ‘दंगा’ म्हणता येईल का?

प्रतिसाद : सरसकट नाही. 1649 मध्ये नॉटिंगहॅमला प्रवचन चालू असताना फॉक्स मोठ्याने बोलले आणि तुरुंगात गेले. तिथे ‘व्यत्यय’ हा शब्द नेमका बसतो. पण 1650 मध्ये डर्बीला उपदेशकांचे बोलणे संपल्यावरच ते उभे राहिले, तरीही पकडले गेले, आणि शिक्षा झाली ती ईश्वरनिंदेच्या कायद्याखाली. तिथे ‘व्यत्यय’ लिहिले तरी फिर्यादीची बाजू आपणच उचलून धरल्यासारखे होते. ‘दंगा’ तर फारच दूर. प्रभूच्या वचनापुढे थरथर कापा, असे फॉक्स यांनी बजावल्यावरून तिथल्याच एका न्यायाधीशाने त्यांना ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, म्हटले, असे फॉक्स स्वतः नोंदवतात. हे नाव हिणवण्यासाठी पडले असल्याने त्याचे भाषांतर न करता ते तसेच ठेवावे.

आणखी एक सुचवतो. उपासनेची मोकळीक देणाऱ्या 1689 च्या सहिष्णुता कायद्यानंतर नोंदणी करून उघडपणे चालू लागलेल्या क्वेकरांच्या ‘मीटिंग हाउस’ला, म्हणजे उपासनेसाठी जमण्याच्या जागेला, ‘सभागृह’ म्हणू नये, कारण त्या शब्दाने विधिमंडळ डोळ्यांपुढे येते. ‘सभाघर’ म्हटले, तर ‘मनोरेघर’शी त्याचा विरोध एकाच पानावर स्पष्ट दिसेल.