गाडीवरच्या डिशची केबल लांबवायची आहे, सल्ला हवा

बडोदेकर_भटके: नमस्कार मंडळी. टेम्पो ट्रॅव्हलर आतून घरासारखी करून घेतली आहे. आई-बाबांना घेऊन चांपानेर, केवडिया, चांदोदला नर्मदेकाठी जात असतो. सोबत फ्री डिशची छोटी डिश असते. उन्हामुळे गाडी झाडाखाली लावावी लागते आणि तिथे सिग्नल येत नाही. डिश मोकळ्यावर ठेवायची तर ५ मीटरची केबल पुरत नाही, मला २० तरी हवी. मागे तारा पिळून वर चिकटपट्टी मारली, तर दहा मिनिटांत चित्र गेलं. बाबांना सह्याद्रीच्या बातम्या लागतातच. जोड देऊ की नवीन केबल घेऊ?

वाडीकर: तो पिळलेला जोड आधी काढा. याच केबलमधून सेट-टॉप बॉक्स वरच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असतो तो सिग्नल पकडणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. केबलच्या आतल्या तारांच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तर शॉर्ट होऊन बॉक्स जाऊ शकतो. केबलला हात लावण्यापूर्वी बॉक्सचा प्लग काढायचा, नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही.

माझं मत विचाराल तर २० मीटरचा अखंड तुकडाच घ्या, ७५ ओहमचा आरजी-६ (डिशसाठी वापरतात तो केबलचा प्रकार). एवढ्या लांबीत सिग्नल साधारण ४ ते ६ डेसिबल उतरतो, एलएनबी त्याहून कितीतरी जास्त वाढवून देतो, त्यामुळे वेगळा बूस्टर लागत नाही. दुकानात चुंबक घेऊन जा. मधली तार चिकटली तर आत पोलाद आहे, वर फक्त तांब्याचा मुलामा. ती चालते, पण लांब अंतरावर व्होल्टेज जास्त पडतं. शक्य असेल तर निखळ तांबं घ्या.

जोड द्यावाच लागला तर दोन्ही टोकांना एफ-कनेक्टर (डिशच्या केबलची आट्यांची पिन) आणि मध्ये त्या दोन्ही जोडणारा जॉइंटर. वर रबर टेप ताणून गुंडाळा. पाणी जाळीत शिरलं की पुढची सगळी केबल खराब होते, आणि हे पावसाळा संपल्यावर कळतं!

सयाजीगंज_७: २० मीटर खरंच लागतील का ते आधी बघा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या बडोद्याहून तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५५ अंश वर. म्हणजे तेवढी एकच दिशा मोकळी हवी. झाडाच्या आग्नेय कडेला गाडी लावलीत तर ८-१० मीटरमध्येही जमेल. सकाळी सावली गाडीवर येणार नाही, दुपारनंतर मात्र येईल.

बडोदेकर_भटके: हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार! तरी २० मीटर अखंड घेतो, सगळीकडे मनासारखी जागा मिळत नाही. केबल खिडकीतून आत घेऊ का?

वाडीकर: घ्या, पण काचेत दाबली जाऊ देऊ नका, चेपली की सिग्नल बिघडतो. आत येण्याआधी बाहेर खाली झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. उरलेली केबल मोठ्या वेटोळ्यात ठेवा, घट्ट घडी नको.