मदत हवी आहे: अंतिम युक्तिवादाची सुरुवात गोष्टीने केली तर चालेल का?

नमस्कार मंडळी,

जिल्हा न्यायालयात सहा वर्षं फौजदारी कामं करते आहे. पुढच्या तारखेला एका खुनाच्या खटल्यात आरोपीतर्फे अंतिम युक्तिवाद करायचा आहे. (तपशील बदलून लिहिते आहे.) सगळा पुरावा परिस्थितिजन्य. सरकार पक्षाची भिस्त एका गिरणीवाल्यावर: रात्री साडेनऊला गिरणीच्या दारातून त्याने आरोपी आणि मयताला सोबत जाताना पाहिलं. प्रेत सापडलं सकाळी.

उलटतपासणीत मी विचारलं, "त्या संध्याकाळी गिरणी चालू होती?"
"नाही, लाइट नव्हती."
"मग साडेनऊपर्यंत तिथे काय करत होतात?"

तो नुसता बघत राहिला. स्टेनोचे हातही थांबले. जबाबात मात्र एवढंच उतरलं: 'हे खरे आहे की, त्या दिवशी वीज नसल्याने गिरणी बंद होती.' त्याच्या गप्प बसण्याची नोंद घ्या अशी विनंती मी तेव्हाच करायला हवी होती, ती राहिली. याला दोन वर्षं झाली. मधे न्यायाधीश बदलले. निकाल देणार आहेत त्या मॅडमनी हा साक्षीदार पाहिलेलाच नाही.

सध्या 'कोलंबो' ही जुनी अमेरिकी मालिका बघते आहे. खुनी कोण हे तिथे सुरुवातीलाच दिसतं, तरी उठवत नाही, कारण त्याचा बनाव कुठे उसवतो ते बघायचं असतं. त्यावरून वाटलं, साक्षीदार क्रमांक एकपासून न जाता थेट बंद गिरणीपासून सुरुवात करावी. पंच, मुद्देमाल, वैद्यकीय पुरावा नंतर एकेक करून तिथे आणून जोडावा. सर्वोच्च न्यायालयाच्या सारडा निकालातलं (१९८४) पंचशील, म्हणजे परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या, पुराव्याची साखळी अखंड हवी म्हणतं. ती कुठे तुटली हे मॅडमना दिसायला हवं.

सीनियर म्हणतात, नाटक नको, निशाणी क्रमांक (रेकॉर्डवरच्या कागदाचा नंबर) सांग. त्यांचं म्हणणं मला पटतं. अमेरिकी मालिकांतले वकील ज्यूरीपुढे, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांपुढे बोलतात. आपल्याकडे नानावटी खून खटल्यात (१९५९) ज्यूरीने आरोपीला आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, तरी सत्र न्यायाधीशांनी ते न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. आता तर ज्यूरीच नाही, आणि न्यायाधीशांना प्रत्येक निष्कर्षाची कारणं लिहावी लागतात. रेकॉर्डबाहेरचा एक शब्द गेला तरी पुढच्या सगळ्यावरचा विश्वास उडतो. म्हणून त्याच्या मौनाबद्दल बोलणार नाही. सरतपासणीतलं (सरकारी वकिलांच्या प्रश्नांना दिलेलं) 'साडेनऊला गिरणीत होतो' आणि उलटतपासणीतलं 'गिरणी बंद होती' ही दोन वाक्यं निशाणीसह लागोपाठ वाचायची आणि क्षणभर थांबायचं, असं ठरवते आहे.

कोणी असा क्रम बदलून युक्तिवाद केला आहे का? न्यायाधीश मधेच "मुद्द्यावर या" म्हणाले तर गोष्ट न मोडता कसं सावरता? आणि लेखी युक्तिवादातही हाच क्रम ठेवू, की तो मुद्देवारच देऊ? त्या रात्रीचा वेळेचा तक्ता सोबत जोडायचा विचार आहे, त्याचा अनुभव असेल तर तोही सांगा. गुरुवारपर्यंत मसुदा टाइपिंगला द्यायचा आहे.