वान्सापानातायम कुणी बघितलंय का? सात वर्षांच्या मुलीला कुठून लावून देऊ?

मांजलपूरची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसायचं नाही. माझी भाची दावाओला आहे, फिलिपिन्समध्ये, डॉक्टरकीला (बडोद्यातून किती पोरं तिकडे गेलीयेत ते इथे सांगायला नकोच), ती सुट्टीत आली होती आणि जाता जाता माझ्या मुलीला तिकडची एक मालिका लावून गेली. नाव वान्सापानातायम. मला आधी वाटलं एखाद्या राक्षसाचं नाव असेल. दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं तेव्हा ट्यूब पेटली, अहो ते वन्स अपॉन अ टाइम आहे, त्यांच्या तोंडी जसं येतं तसं एका दमात लिहून टाकलेलं!

तर मुलगी सात वर्षांची, शाळा इंग्लिश मीडियम, खाली खेळताना गुजराती, घरात मराठी आणि आता हे तगालोग, म्हणजे तिकडची भाषा. एक अक्षर कळत नाही तरी पापणी न लववता बघते. जादू, परी, बुटके, कुणीतरी वाईट वागतं आणि मग त्याची फजिती होते, एवढं चित्रावरून कळतंच म्हणा. पण परवा घोळ झाला. जेवताना एक भाग लावला, गोष्ट ऐन रंगात आली आणि भाग संपलाच. खाली बघते तर तो कुठल्याशा गोष्टीचा तिसरा की चौथा हप्ता, आधीचं माहीत नाही आणि पुढचं सापडेना. पोरीने जे भोकाड पसरलं, ताटातला वरणभात गार, शेवटी सासूबाईंनी मोबाईल उचलून फ्रिजवर ठेवून दिला. आता त्यांचं म्हणणं हे भुताखेतांचं बंदच करा. नवरा म्हणतो बघू दे, हिंदी सिरियलमधल्या कटकारस्थानांपेक्षा बरं.

मला एवढंच सांगा की यात एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टी असतात का, आणि असतात तर त्या ओळखायच्या कशा. आणि भीतीदायक कितपत आहे, कारण रात्री बाथरूमला मलाच उठावं लागतं.

दावाओ_रिटर्न

ताई, तुमच्या भाचीला माझा नमस्कार सांगा, मी पण पाच वर्षं दावाओत काढून आलोय, आता कारेलीबागेत प्रॅक्टिस. ही मालिका तिकडे घरोघरी माहीत. एबीएस-सीबीएन वाहिनीवर १९९७ ला सुरू झाली, २००५ ला थांबली, २०१० ला परत आणली आणि २०१९ पर्यंत चालली. म्हंजे मधला खंड धरून एक अख्खी पिढी, आमच्या घरमालकिणीने लहानपणी बघितलेली आणि तिची पोरं माझ्या समोर बसून बघायची.

तुमचा घोळ का झाला ते सांगतो. मुळात ही मालिका म्हंजे दर वेळी नवीन गोष्ट, नवीन माणसं, नवीन गाव, आज सुरू आज संपली. पण परत आल्यावर हळूहळू त्यांनी एकच गोष्ट चार-पाच आठवडे, कधी त्याहून जास्त खेचायला सुरुवात केली. आणि त्यात तिकडचं ते लव्ह टीम प्रकरण, म्हंजे पब्लिकला आवडणारी तरुण हिरो-हिरोइनची ठरलेली जोडी, ती आणून बसवायची. २०१८ ला एक आलेली, नाव ऑफिशियली युअर्स, पण मधला फिश माशातला फिश, त्यात मेमे आणि एडवर्डची जोडी, ते दोघं आदल्या वर्षी तिकडच्या बिग ब्रदर या रिअॅलिटी शोमधून गाजलेले. घरमालकिणीची कॉलेजातली मुलगी खूश, धाकटा बिचारा वैतागलेला, जादू कधी येणार जादू कधी येणार. त्यामुळे ओळखायची खूण सोपी: मालिकेच्या नावापुढे प्रेझेंट्स असं काही आलं आणि गोष्टीचं स्वतःचं नाव लागलं की समजायचं हे हप्त्यांचं काम आहे, मग पहिला हप्ता शोधूनच लावा. २०१० ते १२ च्या सुमाराचे भाग बघा, त्यात एका बैठकीतल्या गोष्टी बऱ्याच मिळतील.

नावं मात्र एकेक भारी असतात हां. एक होती विच-अ-मकुलित. मकुलित म्हंजे सारखी भुणभुण लावणारं, एकच गोष्ट दहादा विचारणारं पोर. तुमच्या लेकीला शिकवू नका, आमच्या घरी माझ्या बायकोने हा शब्द उचलला आणि तो आता माझ्यासाठी वापरला जातो.

आणि भाषेचं काय, दावाओत घरात बोलतात बिसाया, टीव्ही सगळा तगालोग, शाळेत इंग्लिश. घरमालकिणीच्या आईला तगालोग जेमतेम, ती मधेमधे नातवाला विचारायची आता काय म्हणाला रे तो. मला आमचं दांडिया बाजारातलं घर आठवायचं, आजी मराठी, शेजार गुजराती, टीव्ही हिंदी.

रावपुरा_काका

यात नवीन काय आहे. आमच्या वेळी १९८५ ला दूरदर्शनवर विक्रम और बेताल होतं, विक्रम झालेला अरुण गोविल खांद्यावर वेताळ झालेल्या सज्जन या नटाला घेऊन चालायचा, गोष्ट सुरू झाली की त्याच दिवशी संपायची, वेताळ परत झाडावर. ना हप्ते ना भोकाड. दादा दादी की कहानियाँ मध्ये अशोक कुमार होते. हे सोडून मुलांना फिलिपिन्सचं कशाला दाखवायचं कळत नाही.

मांजलपूरची_आई

काका तेही दाखवलं हो, चित्र इतकं धूसर आहे की ती म्हणाली मम्मी चश्मा लागेल मला.

वाड्यातली_आजी

मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूने आहे बरं का. तिकडची भुतं वेगळी असतात, आपल्याला त्यांची सवय नाही. आपला मुंजा कसा, पिंपळावर बसतो, मुंज झाल्यावर सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा तो, त्याची भीती वाटते तशी कीवही येते. आमच्या वाड्याच्या मागे होता पिंपळ, संध्याकाळनंतर तिथून जाताना आई रामरक्षा म्हणायला लावायची आणि आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आधी घरात. पण परदेशातलं भूत आलं स्वप्नात तर त्याला काय म्हणायचं? कुठला मंत्र चालतो त्याला?

दावाओ_रिटर्न

आजी तुम्ही मजा आणलीत. आणि खरं सांगू, त्याला म्हणायचं काय ते तिकडे अगदी ठरलेलं आहे.

त्यांच्याकडे नुनो सा पुन्सो म्हणून एक प्रकार असतो. पुन्सो म्हंजे वारूळ, मातीचा उंचवटा, आणि त्यात राहणारा दाढीवाला बुटका म्हातारा म्हंजे नुनो. त्याच्या घरावर पाय पडला तर पाय सुजतो, अंगावर फोड येतात असं मानतात. म्हणून झाडीतून, मोकळ्या जागेतून जाताना मोठ्याने म्हणायचं तबी तबी पो, म्हंजे जरा बाजूला व्हा हो, मी जातोय. यातला तो पो म्हंजे आपलं अहोजाहो. भुताला पण अरेतुरे नाही! मी हसायचो पहिल्या वर्षी. मग एकदा हॉस्टेलच्या मागच्या गवतात क्रिकेटचा बॉल गेला, आमच्या बॅचचा सुरतचा पोरगा घुसला आत, आणि तिथला वॉचमन, चांगला पन्नाशीचा दांडगा माणूस, त्याच्यामागून जाऊन त्याच्या वतीने हळूच तबी तबी पो म्हणून आला. बॉल सापडला नाही ते जाऊ दे.

दुसरा काप्रे. हा झाडावर राहणारा काळा धिप्पाड राक्षस, मोठ्ठी विडी ओढत बसतो, रात्री झाडात लाल ठिणगी दिसली की काप्रे. हा साधारण तुमच्या मुंजाचा तिकडचा शेजारी, फक्त याला व्यसन आहे. तिसरा तिकबालांग, घोड्याचं तोंड आणि माणसाचं अंग, वाटसरूंना चकवा लावतो, त्यावर उपाय म्हंजे अंगातला शर्ट काढून उलटा घालायचा. आणि परीला त्यांचा शब्द आहे दिवाता. ऐकल्यावर काही आठवलं का? देवताच आहे तो, संस्कृतातून गेलेला. तोंडाला मुखा म्हणतात, मास्तरला गुरो. त्यामुळे आजी, पार परकी नाहीत हो ती भुतं, लांबची नातेवाईक समजा.

या मालिकेत हे सगळे येतात पण बहुतेक विनोदी किंवा धडा शिकवणारे म्हणून, खरं घाबरवणारं तिकडे वेगळं असतं. एक टीप मात्र, कार्यक्रमाच्या आधी सेन्सॉरची सूचना लागते, त्यात पीजी आलं तर शेजारी मोठं माणूस हवं आणि एसपीजी आलं तर सरळ बंद करा. पीजीवाल्या सूचनेत येतं पातनुबाय आत गबाय, म्हंजे आईबापांचं मार्गदर्शन हवं. आमच्या घरमालकिणीचा धाकटा ही सूचना जाड आवाजात, हात छातीवर ठेवून राष्ट्रगीतासारखी म्हणायचा, मग स्वतःच एकटा बसून बघायचा, आई स्वयंपाकघरात सुकी मासळी तळतेय आणि मी नाकाला रुमाल लावून कुकरात खिचडी.

टीव्हीकिडा_अलकापुरी

थोडी भर टाकतो. जुने भाग शोधाल तर वाहिनीच्या स्वतःच्या यूट्यूबवर बघा, दुसऱ्यांनी चढवलेले अर्धवट कापलेले असतात. ही वाहिनी मे २०२० मध्ये परवान्याची मुदत संपल्यावर तिकडे फुकट दिसणाऱ्या टीव्हीवरून बंद झाली, त्याआधी १९७२ ला तिकडचा हुकूमशहा मार्कोसच्या मार्शल लॉमध्ये पण बंद पाडलेली, १९८६ ला परत आली होती. आपली मालिका मात्र २०२० च्या आधीच संपलेली, तिचा त्याच्याशी संबंध नाही, उगाच कुणी जोडू नये म्हणून सांगितलं.

आणि ताई, सासूबाई घरात आहेत तर तुम्ही दुसरी पण बघा, समोरच्या वाहिनीची, जीएमएची. दाइग कायो नांग लोला को. लोला म्हंजे आजी. नावाचा अर्थ माझी आजी तुम्हा सगळ्यांना भारी असा काहीसा होतो. २०१७ ला सुरू झाली, त्यात ग्लोरिया रोमेरो आजी होती, नातवंडांना गोष्ट सांगायला बसते आणि मग गोष्ट सुरू. ती बाई तिकडची फार मोठी नटी, गेल्या पिढीची राणीच म्हणा, ही मालिका केली तेव्हा ऐंशी उलटलेली. २०२५ च्या जानेवारीत गेली, ९१ व्या वर्षी.

तिकडे गोष्ट सांगणारी म्हंजे आजीच हे जुनं आहे. १९२५ ला लिवायवाय नावाच्या साप्ताहिकात लोला बास्यांग नावाच्या आजीच्या गोष्टी यायला लागल्या, लोकांनी डोक्यावर घेतल्या, आणि ती आजी कोण, तर सेवेरिनो रेयेस नावाचा साठी उलटलेला नाटककार! संगीत नाटकं लिहिणारा मिशीवाला गृहस्थ आजीबाई होऊन लिहीत होता.

रावपुरा_काका

हे मात्र आवडलं. संगीत नाटकवाला म्हंजे आपल्यातलाच. तरी वेताळाची सर नाही.

वाड्यातली_आजी

मला एक विचारायचंय. त्यांच्या मालिकेचं नाव इंग्रजी गोष्टीच्या सुरुवातीवरून, मग त्यांच्या स्वतःच्या भाषेत गोष्टीची सुरुवात काय आहे? आपलं कसं आटपाट नगर होतं.

दावाओ_रिटर्न

आहे ना आजी, नूंग उनांग पानाहोन. फार पूर्वीच्या काळी, एवढाच अर्थ. पण आटपाट नगराची मजा नाही त्यात. आटपाट म्हंजे नक्की काय हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नाही हे बरं, मलाही नीट सांगता आलं नसतं, पण ते नगर मी लहानपणापासून बघतोय, त्याला वेस आहे, वेशीत मारुती आहे आणि ते थेट आपल्या मांडवीसारखं दिसतं.

मांजलपूरची_आई

सगळ्यांचे आभार, उशीर झाला उत्तर द्यायला, घरात पाहुणे होते. तर काय झालं ते सांगते.

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तसे जुने एका बैठकीतले भाग शोधले, सापडले. रविवारी संध्याकाळी शेव उसळ आणली आणि मोबाईलऐवजी मोठ्या टीव्हीवर लावलं, सासूबाई सुद्धा बसल्या, म्हणजे लांब, जपमाळ घेऊन, बघत नसल्यासारख्या. पाच मिनिटं गेली असतील नसतील, मुलगी दर वाक्याला आजी काय म्हणाली ती, आजी काय म्हणाला तो. आता आजीला कुठलं तगालोग येतंय. पण त्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली, अगं ती म्हणतेय मी सावत्र आहे म्हणून मला भाकरी देत नाहीत. मी बघतेय तर पडद्यावर ती मुलगी केक खातेय! मुलीने पण पकडलं, आजी ती तर केक खाते. सासूबाई म्हणाल्या, तो चोरून आणलाय, आता बघ कसं होतं. आणि खरंच थोड्या वेळाने त्या मुलीला कुणीतरी रागावलं, सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही स्क्रिप्ट त्यांनीच लिहिलंय. नवऱ्याने आवाजच बंद केला टीव्हीचा.

रावपुऱ्याच्या काकांनी हसू नये पण शेवटी त्या गोष्टीत शंकर-पार्वती विमानातून जाताना खाली बघतात असं पण घुसवलं त्यांनी, आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हणूनच उठल्या. पडद्यावर त्या वेळी साबणाची जाहिरात चालू होती.

आता अडचण वेगळी. काल कमाटीबागेत गेलो होतो, टॉय ट्रेनच्या रांगेत जायच्या ऐवजी ही मुलगी प्रत्येक मातीच्या ढिगापाशी थांबून तबी तबी पो, तबी तबी पो, हात जोडून. मी तिला तुमचं वाचून दाखवलं होतं ती माझीच चूक. मागची गुजराती बाई विचारत होती, बेन आ शुं बोले छे, कोई श्लोक छे? मी हो म्हणून टाकलं.

टीव्हीकिडा, त्या लोलावाल्या मालिकेचे पहिल्यापासूनचे भाग कुठे आहेत ते टाका ना जमलं तर. सासूबाई विचारतायत. म्हणतात ती ग्लोरिया किती साड्या नेसते बघू.