आमच्या गावानं मतं दिली नाहीत तेच आमदार झाले. आता त्यांच्याकडं कसं जायचं?

बांधावरून

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावचा ग्रामपंचायत सदस्य, पहिलीच टर्म. 23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचा निकाल लागला. निवडून आलेल्या उमेदवाराला आमच्या दोन बूथवर मिळून शंभरसुद्धा मतं नाहीत. त्या रात्री पलीकडच्या गल्लीनं गुलाल उधळला आणि आमच्या गल्लीनं दारं लावून घेतली. आरक्षणावरून आधीच मनं आंबलेली होती. आता माणसं एकमेकांच्या दुकानातून साखरसुद्धा घेईनात. गावाचा हरिनाम सप्ताह आजवर एकच असायचा, यंदा दोन मांडव पडणार म्हणतात.

इकडं शाळेची संरक्षक भिंत पडलीय, ओढ्यावरच्या नळकांडी पुलाचा भराव वाहून गेलाय. अर्ज लिहून ठेवलाय. सरपंच म्हणतात, "कोणत्या तोंडानं जायचं? त्यांच्याकडं यादी असती, कोणत्या गावानं किती मतं दिली त्याची." खरंच अशी यादी असते का? आणि मी गेलो तर आमचेच लोक म्हणतील, हा विकला गेला. आमदारकी जवळून पाहिलेलं कुणी असेल तर सांगा.

निवृत्त ग्रामसेवक

आधी कागद पक्का करा. नुसता अर्ज घेऊन जाऊ नका, ग्रामसभेचा ठराव जोडा. शाळेची जागा कुणाच्या नावावर आहे त्याचा उतारा आणि भिंतीचे फोटो लावा. पुलासाठी वेगळा अर्ज करा, कारण रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा यावर सगळं ठरतं. आमदार निधीतून काम घ्यायचं असेल तर आमदाराच्या पत्राबरोबर प्रस्ताव जिल्हा नियोजन कार्यालयात जातो. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

एका टर्मचा आमदार

यादी असते. मी 2009 ते 2014 विधानसभेत होतो. मतदारसंघ आणि पक्ष सांगत नाही, कारण प्रश्न तुमच्या गावाचा आहे.

मतदान यंत्रावर प्रत्येक केंद्राची मोजणी वेगळी होते आणि फॉर्म 20 मध्ये केंद्रवार आकडे येतात. कुणालाही बघता येतात. 22 ऑक्टोबर 2009 ला निकाल लागला आणि थोड्याच दिवसांत माझी पोरं ते आकडे घेऊन ओसरीवर आली. लाल पेनानं खुणा केलेल्या. एका गावासमोर दोन रेघा, दोन बूथ मिळून मला 34 मतं. "साहेब, हे ध्यानात असू द्या." मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. फाडून टाकला नाही, कारण राग मलाही होता. प्रचारात त्या गावच्या पारावर कुणी मला बसा म्हटलं नव्हतं.

नोव्हेंबर संपता संपता त्याच गावची डीपी, म्हणजे शेतीला वीज देणारं रोहित्र, जळाली. हरभरा नुकता वर आलेला, ज्वारीला पाणी हवं होतं. तिथले सरपंच माझ्या दारात येणं शक्यच नव्हतं. एक म्हातारे शेतकरी एकटे आले, धोतराच्या सोग्यात अर्ज बांधून. सकाळी सातपासून बाहेर उभे. आत आल्यावर बसायला तयार होईनात. म्हणाले, "म्या तुमाला मत दिलं न्हाई. पर आता आमदार तुमीच हाव की. मग मी कुणाकडं जाव?"

मी लगेच फोन लावला. चौथ्या दिवशी डीपी बसली आणि मला वाटलं, फार मोठं मन दाखवलं. आठवड्याभरात माझ्या हक्काच्या गावचे लोक आले. त्यांची डीपी त्याच्याही बारा दिवस आधी जळाली होती. "आपलाच माणूस हाय, करील" म्हणून ते गप्प बसलेले. त्यांचा हरभरा वाळून गेला. चूक माझी होती. मी जे मोठं मन दाखवलं, ते त्यांच्या रानातून दाखवलं होतं. ही गोष्ट आजही मला सहज सांगता येत नाही.

त्या दिवशी एक वही केली. तारीख, गाव, काम, अर्ज आणणाऱ्याचा मोबाइल. ती बाहेरच्या टेबलावर सुतळीनं बांधून ठेवली. कुणीही यावं आणि आपला नंबर बघावा. पाणी, दवाखाना आणि शाळेचं छत एवढ्याच गोष्टी नंबर सोडून वर घ्यायच्या, आणि का घेतल्या ते शेजारी लिहायचं. माझी पोरं नाराज झाली, ते साहजिक होतं. त्यांनी दोन महिने उन्हात पत्रकं वाटली होती आणि आता त्यांच्या गावाचा नंबर सतरावा.

2012-13 च्या दुष्काळात जायकवाडी मृतसाठ्यावर गेलं. वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणताना आम्हा मराठवाड्याच्या आमदारांना पक्ष आठवत नव्हता. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातलं समन्यायी वाटप, म्हणजे वरच्या-खालच्या धरणांत पाण्याची न्याय्य वाटणी, आमच्या सगळ्यांच्या तोंडी होतं. ती एकी सोपी होती, कारण समोर दुसरे जिल्हे होते. तालुक्यात परत आलो की टँकर आधी कोणत्या गल्लीत रिकामा करायचा यावरून घागरी आपटायच्या. समन्यायी हा शब्द तिथं उच्चारताना माझी जीभ जड व्हायची.

एकमत हा शब्दही मी जपून वापरतो. 27 जुलै 1978 ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव एकमतानं केला. मी सातवीत होतो. ठराव मुंबईत झाला आणि इकडं दलित वस्त्या जळाल्या. आमच्या वर्गातली दोन पोरं त्यानंतर शाळेत आलीच नाहीत. त्यांची जागा वर्ष संपेपर्यंत रिकामी होती, मास्तर हजेरीत त्यांची नावं घ्यायचे. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. आमदार झाल्यावर सभागृहात बसलेलो असताना मनात यायचं, त्या दिवशी होकार देणाऱ्यांतले किती जण त्याच आठवड्यात आपल्या मतदारसंघातल्या पारावर जाऊन बसले असतील?

रोजगार हमीचं उलट झालं. वि. स. पागे यांची ती कल्पना, कायदा झाला 1977 साली. पण 1972 च्या दुष्काळात आमच्याकडची माणसं आधीच कामावर एकत्र गेली होती. माझी आई आणि पाटलांची सून एकाच मस्टरवर होत्या, एकाच ढिगाची खडी फोडायच्या. सुकडी मिळाली की दोघी पदराला बांधून घरी आणायच्या. पुढं पाटलांच्या घरात आणि आमच्यात बांधावरून भांडण झालं, तरी त्या दोघींचं बोलणं कधी तुटलं नाही.

आता तुमचं. जा. पण एकटे जाऊ नका आणि फक्त तुमच्या गल्लीचे लोक घेऊनही जाऊ नका. त्या शाळेत दोन्ही गल्ल्यांची लेकरं बसतात ना? त्यांच्या आईबापांच्या सह्या घ्या. आमदारासमोर मतांबद्दल चकार शब्द काढू नका, माफी तर मुळीच नको. मत कुणाला द्यायचं तो तुमचा हक्क होता, तो बजावला म्हणून मान खाली घालायची नाही. आणि सप्ताहात कुठल्याच पुढाऱ्याला मध्ये घेऊ नका. आम्ही आलो की मांडव दोनच राहतात.

तांड्यावरची शिक्षिका

सर, मनापासून विचारते. तुमच्या वहीमुळं तुमचीच माणसं दुखावली आणि 2014 ला तुम्ही हरलात. हे बघून आजचा आमदार अशी वही का ठेवेल? आमच्या तांड्याची मतं थोडी, म्हणून शाळेच्या खोलीचं काम दरवेळी मागं पडतं. आमदाराच्या भलेपणावर किती दिवस थांबायचं?

एका टर्मचा आमदार

बाई, थांबू नका. खोलीच्या कामाचा ठराव प्रत्येक ग्रामसभेत पुन्हा घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं देत राहा. तांड्यातल्या चार बायांना सभेला घेऊन जा, त्यांची नावं इतिवृत्तात येऊ द्या. आमदार बदलतो, इतिवृत्त दप्तरात राहतं.

हरलो ते खरं आहे. कारणं बरीच होती, सगळा दोष वहीवर टाकणार नाही. त्या 34 मतांच्या गावात मला 2014 ला 61 मिळाली, एवढीच. पण त्याच वर्षी मार्चमध्ये गारपीट झाली होती. लोकसभेची आचारसंहिता लागलेली, मला कुठलीही घोषणा करता येत नव्हती. तलाठ्यांच्या मागं मी नुसता बांधाबांधानं चालत होतो. डीपीवाले ते म्हातारे भेटले. त्यांचा गहू झोपला होता. तलाठ्यांचा हात धरून म्हणाले, "आदी शेजाऱ्याचं बघा, त्याचं लई गेलंय." तो शेजारी म्हणजे त्या गावातला माझा एकमेव कार्यकर्ता. पाच वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

बांधावरून

सगळ्यांचे आभार. ग्रामसेवक साहेब, ठराव गेल्या मंगळवारी झाला, उतारा पण काढला. सह्या घ्यायला कालपासून निघालोय, आतापर्यंत 41 झाल्या. पलीकडच्या गल्लीत पहिली सही भजनी मंडळातल्या पखवाजवाल्या काकांनी केली. त्यांचा नातू तिसरीत आहे. दोन घरांनी दार उघडलं नाही, तिथं उद्या परत जाणार आहे. सरपंच सोबत यायला तयार आहेत, फक्त आत गेल्यावर मीच बोलायचं, असं म्हणतात. सोमवारी निघतोय. सप्ताहाचं अजून काही ठरलं नाही.