चर्चा : बंगल्यापुढे लॉन हवं की रानची झाडं?

गिरणाकाठ (जळगाव)
पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात दारापुढे लॉन आणि पाम लावायचे, मग बोअर आटला की टँकर मागवायचा, हे मला साफ चुकीचं वाटतं. गावोगाव धाब्याची आणि कौलारू घरं पाडली जाताहेत. त्यांतले दगड, विटा, कौलं, सागवानी चौकटी मातीमोल भावात जातात. जुन्या ठिबकच्या नळ्या तर बांधाबांधावर पडलेल्या असतात. वाफे, पायवाट, वेलाचा मांडव सगळं त्यातून होतं. झाडं म्हणाल तर बहावा, तरवड, निरगुडी, अडुळसा; जागा असेल तर अंजन, जो सातपुड्याच्या खडकाळ उतारावरही तग धरतो. बहावा ऐन उन्हाळ्यात फुलतो आणि फुलपाखरांच्या अळ्या त्याचीच पानं खाऊन वाढतात. आपण मात्र मादागास्करचा गुलमोहर लावतो!

पांझराकाठ (धुळे)
भो, विरोध नोंदवतो. आमच्या गल्लीत याच हौसेपायी टायरच्या कुंड्या आल्या. टायरमध्ये पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. विटा-दगडांच्या फटीत विंचू येतात ते वेगळंच. रानची झाडं म्हणून लोक रुई आणि कळलावी लावतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर? कळलावीचा कंद तर जिवावर बेततो. घरात लहान मुलं आहेत.

गिरणाकाठ
टायर मी सुचवलेच नाहीत, आणि ते नकोतच. मुलं असतील तर कळलावीही नको. पण विंचवाला मोकळा ढीग लागतो; फटी मातीने बुजवून बांधलेला वाफा म्हणजे ढीग नव्हे.

यावलकर
मूळ मुद्दा मान्य, पण काळ्या मातीचं काय? ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम दाबून बसवला नाही तर विटांची पायवाट वर्षभरात वेडीवाकडी होते. आणि कृपा करून जंगलातून रोपं उपटू नका. अंजनाचं सोटमूळ खोल जातं, उपटलेलं रोप सहसा जगत नाही, डोंगर मात्र उघडा पडतो. गावातल्याच बहाव्याच्या शेंगा घ्या. बी टणक असतं, खरखरीत दगडावर थोडं घासून पेरा.

तापीकाठची (शहादा)
रानची झाडं बिनपाण्याची, ही समजूत आधी सोडा. पहिले दोन उन्हाळे त्यांनाही पाणी द्यावंच लागतं, आणि ते बहुतेक घरांत बाईच देते. बागेचे बेत करणाऱ्यांनी हे काम कोणाकडे जाणार ते आधी ठरवावं. माझ्याकडे भांडी विसळलेलं पाणी निरगुडीला जातं, मोगराही आहे आणि तो मी काढणार नाही.

पांझराकाठ
ताईंचं पटलं. बहावा लावायला माझी हरकत नाही, लॉनचा हट्ट तर कधीच नव्हता. पण जुन्या विटांच्या पायवाटेला माझा नकारच. आई पहाटे अंधारात अंगणात फेऱ्या मारते, तिला सपाट फरशीच हवी.